ज्वरातील पुरळ, कोरोना आणि आपली घाई

कोरोनाच्या साथीचा कडेलोटाचा काळ आता मागे पडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी या साथीसंबंधीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र आपल्यातून गेलेला नाही. ज्वर, घसादुखी व अंगमर्द घेऊन येणाऱ्या रुग्णांत तो अधूनमधून आढळतोच, आणि अशा रुग्णाच्या अंगावर काही उमटले की घरची मंडळी पहिला प्रश्न हाच विचारतात, "हे कोरोनाचे तर नाही ना?" या प्रश्नाला आपल्याकडून जी उत्तरे दिली जातात, त्यांविषयी दोन शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. एक पक्ष पुरळ दिसताच "शीतपित्त आहे, उष्ण पडले आहे" असे म्हणून मोकळा होतो. दुसरा पक्ष नव्या माहितीने भारावलेला. त्याला प्रत्येक गांधीत कोरोना दिसतो. आमच्या मते दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेही त्वचा पाहतात आणि रुग्ण पाहावयाचा राहून जातो.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आमच्याच एका चुकीने दिला आहे. 2021 च्या एप्रिलअखेरीस, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, आमच्या नेहमीच्या एका रुग्णाच्या मुलाने भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाठविले. वडिलांना पाच दिवस ताप, दोन दिवसांपासून पाठीवर व मांड्यांवर लालसर चट्टे. चौकशीत कळले की घरात दिवसातून चार वेळा काढा चालू आहे, आणि दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या तीन गोळ्याही झाल्या आहेत. वैशाख तोंडावर, सुंठ-मिऱ्याचा काढा, वय पन्नाशीपुढचे, प्रकृती पित्ताची. निदान जणू तयारच होते. काढा बंद करण्यास सांगितले, कामदुधा व हरिद्राखंड सुचविले, लाह्यांचे पाणी द्या म्हटले आणि पुढचा फोन घेतला. सायंकाळी मुलाचा पुन्हा फोन आला. खाज आता नाही, असे त्याने समाधानाने सांगितले, आणि जाता जाता म्हणाला, "फक्त बोलताना थोडा दम लागतोय." शेजारच्या घरून ऑक्सिमीटर मागवून बोट घालावयास लावले, तेव्हा आकडा 87 होता. रात्रीच तालुक्याच्या कोविड केंद्रात हलविले. रुग्ण बरा होऊन घरी आला, हे आमचे नशीब. सकाळी आम्ही खाजेविषयी चार प्रश्न विचारले होते, श्वासाविषयी एकही नाही.

ते चट्टे विषाणूचे होते, गोळीचे होते की काढ्याचे, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. पण हा प्रश्न किती अवघड आहे याची जाण साथीच्या अगदी आरंभी इटलीतील एका त्वचारोगतज्ज्ञाने दाखविली होती. लोम्बार्डी प्रांतातील लेक्को येथील रुग्णालयात डॉ. सेबॅस्तियानो रेकाल्काती यांनी कोविडच्या रुग्णांची त्वचा तपासली व 2020 च्या मार्चमध्ये निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढे एकूण 148 रुग्ण होते. त्यांपैकी ज्यांनी मागील 15 दिवसांत कोणतेही नवे औषध घेतले होते, असे 60 रुग्ण त्यांनी प्रथमच बाजूला काढले, कारण त्यांच्या अंगावरील पुरळ औषधाचे नाही असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. उरलेल्या 88 पैकी 18 जणांच्या त्वचेवर लक्षणे आढळली. 14 जणांना लाल पुरळ, तिघांना अंगभर गांधी, एकाला कांजिण्यांसारखे फोड. बहुतेकांचे पुरळ धडावर होते, खाज अल्प वा मुळीच नव्हती, आणि थोड्या दिवसांत ते आपोआप मावळले. रोगाच्या तीव्रतेशी त्याचा संबंध जुळला नाही. त्याच सुमारास चीनमधील 1099 रुग्णांच्या अहवालात पुरळ असलेले रुग्ण मात्र केवळ दोन होते. एवढ्या तफावतीचे एक कारण उघड आहे. श्वासासाठी झगडणाऱ्या रुग्णाच्या अंगावरील वस्त्र दूर करून पाठ पाहण्यास तेथे कोणास सवड होती?

आता आपल्यापैकी किती जण 15 दिवसांतील औषधांचा इतिहास घेतात? आपल्याकडील तापाचा रुग्ण वैद्याकडे पोहोचतो तो क्वचितच कोऱ्या पाटीने. पॅरासिटामॉल तर झालेलेच असते, बहुधा एखादे प्रतिजैविकही असते, साथीच्या काळात त्यात आयव्हरमेक्टिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व फॅविपिराविर यांची भर पडली होती. आणि आपल्या औषधांस या यादीतून वगळण्याचे काही कारण नाही. आयुष मंत्रालयाने 2020 साली सुचविलेल्या काढ्याचे प्रमाण तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन भाग, मिरे एक भाग असे होते, आणि तो दिवसातून एकदा किंवा दोनदा, अल्प मात्रेत घ्यावयाचा होता. लोकांनी तो चहाच्या जागी चार चार वेळा, मुठीने मिरे टाकून घेतला. तोंड येणे, लघवीची जळजळ, गुदाशी आग व अंगावर घामोळ्यासारखे पुरळ घेऊन येणारे रुग्ण त्या उन्हाळ्यात आपण सर्वांनीच पाहिले. देश, काल, मात्रा व प्रकृती यांचा विचार शिकविणाऱ्या शास्त्राचे औषध लोकांनी विचार न करता प्यावे आणि आपण ते डोळ्यांदेखत पिऊ द्यावे, ही नामुष्की आपलीच आहे. "आयुर्वेदिक औषधाला दुष्परिणाम नसतो" हे वाक्य निदान आपल्या दवाखान्यातील फलकावरून तरी उतरवावे, ही विनंती.

स्पेनमधील त्वचारोगतज्ज्ञांनी 375 रुग्णांची छायाचित्रे व माहिती जमवून 2020 साली या लक्षणांचे पाच गट केले. सपाट व उंचवट्याचे लाल पुरळ सर्वाधिक, 47 टक्के. गांधी 19 टक्के. बोटांच्या टोकांवर, विशेषतः पायांच्या, कडाक्याच्या थंडीत होते तशी लाल-जांभळी सूजही 19 टक्के. पाणीदार फोड 9 टक्के, आणि त्वचेवर निळसर जाळे उमटणे किंवा त्वचा मरणे 6 टक्के. पायांच्या बोटांची ती सूज मुख्यतः तरुणांत, आजार मावळताना दिसली व त्यांचा आजारही सौम्य होता. निळसर जाळे मात्र वयस्कर व गंभीर रुग्णांत होते. पायांच्या बोटांचे प्रकरण वृत्तपत्रांतून फार गाजले, परंतु पुढे अशा अनेक रुग्णांच्या घशातील नमुन्यात विषाणू सापडला नाही, काहींच्या रक्तात प्रतिपिंडेही आढळली नाहीत, आणि विषाणूशी त्याचा नेमका संबंध हा वादाचाच विषय राहिला. आमच्या पाहण्यात असा रुग्ण एकही आला नाही.

हे पाच गट हाती पडताच आपल्यातील काही विद्वानांनी त्यांना संहितांतील नावे चिकटविण्याचा सपाटा लावला. गांधी म्हणजे शीतपित्त-उदर्द, पाणीदार फोड म्हणजे विस्फोट किंवा मसूरिका, लाल पुरळ म्हणजे रोमान्तिका, बोटांची सूज म्हणजे अलस, निळे जाळे म्हणजे उत्तान वातरक्त. चर्चासत्रात असा तक्ता पडद्यावर छान दिसतो. परंतु नाव मिळाले म्हणजे संप्राप्ती मिळाली असे होत नाही. माधवनिदानात शीतपित्ताच्या वर्णनास शीत वायूच्या स्पर्शापासून आरंभ होतो, कफ-वात प्रकुपित होऊन पित्तासह त्वचेत व आत पसरतात असा क्रम सांगितला आहे. पाच दिवसांच्या ज्वरात, सामावस्थेत, जिव्हा लिप्त असताना उमटलेल्या गांधीस तो क्रम लागू आहे काय, हे तपासल्यावाचून हरिद्राखंड लिहिणे म्हणजे नावाची चिकित्सा झाली. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील त्रिशोथीय अध्यायात स्पष्ट बजावले आहे की विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्व विकारांना निश्चित नावे नसतात; दोष, अधिष्ठान व हेतू पाहून कर्म करावे. एवढे मोठे अभयदान दिलेले असताना आपण नावासाठी का धडपडावे, हे आम्हांस कळत नाही.

ज्वरात उमटलेले पुरळ हे प्रथमतः ज्वराचे लक्षण वा उपद्रव मानावे, ही आमची भूमिका आहे. मूळ व्याधी शमला की उपद्रव बहुधा शमतो, हे आपणांस विद्यार्थिदशेपासून पाठ आहे. लेक्कोच्या रुग्णांचे पुरळही काही दिवसांत आपोआपच गेले होते. नवज्वरात पुरळ दिसले म्हणून 'रक्तशोधक' सुरू करणे, आरोग्यवर्धिनीने कोठा हलविणे, महामंजिष्ठादि काढ्याचे दोन दोन पेले पाजणे, हे त्या अवस्थेतील लंघन-पाचनाच्या तत्त्वास सोडून आहे. मंजिष्ठा, सारिवा यांस आमचा विरोध नाही. त्यांची वेळ ज्वर गेल्यानंतरची आहे. मधल्या काळात नवी औषधे थांबवून त्वचेला शतधौत घृतासारखे साधे काही लावावे व रुग्णाकडे लक्ष ठेवावे, एवढ्याने बहुतेकांचे भागते. शिवाय ज्या पुरळास आपोआप जावयाचेच आहे, त्यावर आपले औषध यशस्वी झाल्याचा पुरावा कसा मानावयाचा, हाही प्रश्न स्वतःस विचारण्याचे धैर्य हवे.

ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत लाखो लोकांनी आपली लक्षणे स्वतः नोंदविली. चाचणीत बाधित ठरलेल्यांपैकी 8.8 टक्के लोकांनी अंगावर किंवा हातापायांच्या बोटांवर पुरळ असल्याचे सांगितले, आणि बाधित नसलेल्यांपैकी 5.4 टक्के लोकांनीही. या दोन आकड्यांमधील अंतर खरे आहे, पण ते किती थोडे आहे हेही पाहावे. केवळ पुरळावरून कोरोना ठरविता येत नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. त्याच संशोधकांनी केलेल्या दुसऱ्या पाहणीत बाधितांपैकी 17 टक्के जणांनी पुरळ हेच आपले पहिले लक्षण होते असे नोंदविले. म्हणजे पुरळ पाहून कोरोना नाही असेही म्हणता येत नाही. येथे एका सोप्या चाचणीने जे काम होते ते दहा मिनिटांच्या नाडीपरीक्षेने होणार नाही, असे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही.

आणखी एक अडचण आपल्या प्रदेशाची म्हणून सांगितली पाहिजे. या लक्षणांची जी छायाचित्रे जगभरच्या नियतकालिकांत आली, त्यांतील 130 छायाचित्रांची तपासणी 2020 साली करण्यात आली, तेव्हा 120 छायाचित्रे गोऱ्या व उजळ त्वचेची निघाली. गडद त्वचेचे एकही नव्हते. शेतात राबणाऱ्या आपल्या रुग्णाच्या सावळ्या पाठीवर 'लाल' पुरळ लाल दिसतच नाही. ते जांभळट, करडे वा नुसते खरखरीत असते, आणि भ्रमणध्वनीवरील छायाचित्रात तर दिव्याच्या रंगाप्रमाणे बदलते. म्हणून दर्शनाबरोबर स्पर्शन हवेच. काचेचा पारदर्शक पेला चट्ट्यावर दाबावा. रंग विरला तर रक्त वाहिन्यांत आहे. विरला नाही तर ते त्वचेखाली झिरपले आहे, आणि तो रुग्ण आपल्या खुर्चीवर बसवून ठेवण्याचा नव्हे. थायलंडमधील एका रुग्णास असे रक्तबिंदू व घटलेल्या रक्तबिंबिका पाहून प्रथम डेंग्यू ठरविण्यात आले होते, पुढे तो कोविड निघाला. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात याच्या उलट घडण्याचा संभव अधिक आहे. दोन्ही प्रसंगी रक्ततपासणी हाच मार्ग आहे.

नाकावरील काळेपणाचे उदाहरण यासाठीच घ्यावेसे वाटते. 2021 मध्ये कोविडमधून उठलेल्या मधुमेही व स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांत म्युकरमायकोसिसने हाहाकार केला. 20 मे 2021 रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदविण्यास सांगितले. त्यात गालावर सूज, चेहऱ्याचा एक भाग बधिर, दात-डोळा दुखणे, आणि नाकावर अथवा टाळूवर काळा डाग. तेथे एक एक तास मोलाचा असतो. याउलट चिकुनगुन्यानंतर नाकाच्या शेंड्यावर व गालांवर काळसरपणा येतो, तो दुखत नाही, बधिरता नसते व काही महिन्यांत फिकट होतो. दोघांनाही 'वांग' म्हणून कुंकुमादि तैल दिले गेल्याचे आम्ही पाहिले आहे. दुसऱ्याचे त्याने काही बिघडले नाही. पहिल्याचे चार दिवस गेले.

लहान मुलांबाबत तर अधिकच जागरूक राहावयास हवे. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, ओठ लालबुंद व चिरलेले, पोटदुखी, उलट्या अशी लक्षणे आली तर तो सर्वांगदाहाचा आजार असू शकतो. 2020 च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांनी त्याचा पहिला इशारा दिला. त्यात हृदयावर परिणाम होतो. मूळ संसर्ग इतका सौम्य असतो की घरच्यांस तो आठवतही नाही. अशा बालकास गोवर म्हणून कडुनिंबाच्या पाल्यावर निजविणे परवडणारे नाही.

आता औषधी विक्रेते बांधवांशी थोडे मोकळेपणाने. रुग्णाची पहिली भेट अनेकदा आपल्याशीच होते. "अंगावर उठलंय, काहीतरी मलम द्या" असे म्हणणाऱ्यास स्टिरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांचे मिश्र मलम देण्याची सवय या राज्याला किती महाग पडली आहे, हे गजकर्णाच्या हट्टी रुग्णांनी दाखवून दिले आहे. स्टिरॉइडयुक्त मलमे 2018 साली अनुसूची एचमध्ये घातली गेली, ती उगाच नव्हे. अशा मलमाने कोविडचे पुरळही फिके पडेल, औषधाचेही पडेल, आणि वैद्यापुढे रुग्ण येईल तेव्हा वाचावयास अक्षरच उरणार नाही. केवळ आयुर्वेदीय औषधे विकणाऱ्यांनीही रक्तशुद्धीची बाटली पुढे करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: ताप आहे का, दम लागतो का, गेल्या पंधरवड्यात कोणती नवी गोळी घेतली. यास अर्धा मिनिट लागतो. गल्ल्यावर गर्दी असते हे आम्ही जाणतो, आमच्या घरीही औषधालय आहे.

जाहिरातींविषयी वेगळे लिहावयास हवे, येथे एवढेच. गेल्या वर्षी एका प्रतिनिधीने आमच्या मेजावर पत्रक ठेवले, त्यात 'कोविडोत्तर सर्व त्वचाविकार व केशपतन' यांवर एकच वटी होती. आयुष मंत्रालयाने 1 एप्रिल 2020 रोजी कोविडसंबंधी अशा दाव्यांच्या प्रसिद्धीस आळा घालण्याचे निर्देश दिले होते, आणि 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा तर आपल्यापैकी अनेकांच्या वयाहून जुना आहे. केस गळण्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. तीव्र ज्वरानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, आणि पुढील काही महिन्यांत बहुतेकांचे आपोआप भरून येतात. नेमक्या याच मुदतीचा 'कोर्स' तेलाच्या बाटल्यांवर छापलेला असतो. अभ्यंग जरूर करावे, झोप सुधारते. पण केस आणले ते तेलाने, असे रुग्णास सांगू नये.

आमची एक सूचना आहे. संघटनेने एक पानी नोंदपत्रक तयार करून सर्व सभासदांस द्यावे. ज्वराचा दिवस, पुरळ कोणत्या दिवशी व कोठे, खाज वा दाह, दाबल्यावर रंग विरतो की नाही, 15 दिवसांतील सर्व औषधे आपल्या काढ्यांसह, ऑक्सिजनचे प्रमाण, केलेली चाचणी, आणि पुरळ किती दिवसांत गेले. सावळ्या त्वचेची नोंद जगाने ठेवली नाही, ती ठेवण्यास आपल्याइतका जवळ कोणी नाही. दोषांची कल्पना व अवस्था त्याच पानावर खाली लिहावी, म्हणजे चर्चासत्रात तक्ता मांडताना हाती काही असेल. 2021 पासून आम्ही अशी एक साधी वही ठेवली आहे व ती संघटनेच्या कार्यालयास पाठविण्याची आमची तयारी आहे. तिच्यातील पहिली नोंद त्या छायाचित्राची आहे. ऑक्सिजनच्या रकान्यात सकाळची जागा कोरी आहे.